वाया गेलेली मतं

पौष लागला की आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर हुरड्याची गाडी उभी राहते. कणसं भाजतात, चोळतात, कागदात बांधून वर शेंगाचटणीची चिमूट देतात. मुलं उभ्या उभ्या खातात, फोटो काढतात. मी तिथून जाताना एरवी भरभर पावलं उचलते. परवा गुडघा धरला होता, भरभर जाता आलं नाही; आणि नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची एक जीप भोंगा लावून बाहेरच्या गावांकडं निघालेली. भाजक्या कणसांचा वास आणि भोंग्याचा आवाज एकदमच आले. पन्नास वर्षं होत आली, तरी ही दोन्ही माझ्या मनात एकाच दावणीला बांधलेली आहेत.

मी सोलापूरची, गिरणीच्या चाळीत वाढलेली. दुष्काळ सरल्यानंतर दुसऱ्या वैशाखात लग्न होऊन मोहोळच्या बाजूच्या एका गावात गेले. तोवर ज्वारी मला भाकरीपुरतीच ठाऊक होती. त्या पहिल्या थंडीत मी ती उभी पाहिली. माणूस बुडेल एवढी उंच, कणसं चिकात आलेली, पहाटे पानांवर दव. मचाणावरून गोफणीचा फटका कानाशी चाबूक वाजावा तसा वाजायचा आणि पाखरांचा थवा चादर झटकल्यासारखा उठायचा. हरभऱ्यातून चालून आलं की लुगड्याच्या काठाला पानांवरची आंबट आंब लागायची आणि पोटऱ्या चुरचुरायच्या. सगळं शिवार गोड झालेलं असायचं. त्यातला वीतभर तुकडाही आमच्या वस्तीचा नव्हता.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पाणी वरच्या विहिरीचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी मला पहिल्या दिवशी पाणी आणायला नेलं आणि वाटेतच रीत सांगितली. कळशी पायरीला टेकवायची नाही. हाक मारायची नाही. खाली थांबायचं, कुणाला दया आली की ती वरून ओतते. कायद्यानं हे कधीचंच बंद झालं होतं, पण कायदा सोलापुरात राहत होता. मी चाळीतल्या नळावर भांडून पाणी भरलेली मुलगी. त्या दिवशी दुपार कलेपर्यंत मी मुकाट उभी राहिले आणि वर बघून बघून माझी मान पहिल्यांदा दुखली. पुढं ते दुखणं गेलं, म्हणजे सवय झाली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. लक्ष्मण त्यांचं नाव. गावात लक्ष्मण गवंडी. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. आसपासच्या गावांत बांधकामाला जायचे. वस्तीतलं छोटं बुद्धविहार त्यांनीच उभं केलं होतं, कामावरून आल्यावर संध्याकाळच्या उजेडात एकेक थर रचत. पोरांना ते तिथं अक्षरं शिकवायचे. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मुकादमानं बायकांना सावलीतून उठवलं, तेव्हा मामा आपला हातोडा खाली ठेवून त्याच्यासमोर नुसते उभे राहिले. त्यांच्यामागं वस्तीतली माणसं उभी राहिली, मग वरच्या आळीतलीही. त्या काळात भुकेनं सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं. ती रांग लोक लगेच विसरले, पण काहींच्या मनात मामा राहिले.

आता गावाला नळाची योजना मंजूर झाली होती. पाइप कुठवर न्यायचा, ते नवी पंचायत ठरवणार होती. आणि आमच्या वॉर्डातली एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती.

सरपंचांना सगळा गाव अण्णा म्हणायचा. त्या वर्षी अण्णांनी आमच्या वस्तीला हुरड्याचं बोलावणं धाडलं. असं कधी झालं नव्हतं. मळ्याच्या बांधावर बाभळीखाली आमच्यासाठी वेगळी आगटी पेटवली होती. त्यांची आगटी विहिरीजवळ. कणसं भाजत होता भानुदास, आत्याबाईंचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून आत्याबाईंनी त्याला कडेवर वाढवलेला. अण्णांकडं तो सालदार होता. वर्षाच्या बोलीवर राबायचा, त्यांच्याच गोठ्याशेजारी राहायचा. भित्रा, पण मायाळू. दर साली पहिला हुरडा घोंगडीखाली लपवून बहिणीला आणून द्यायचा. वस्तीनं दीक्षा घेतली त्या दिवशी अण्णांनी त्याला बैल देऊन बार्शीच्या बाजाराला पाठवलं होतं. पुढं त्याची दीक्षा राहून गेली ती गेलीच. नकार नव्हता त्यात काही, नुसतं राहून गेलं होतं.

माणसं खायला लागल्यावर अण्णा आमच्या आगटीपाशी आले आणि म्हणाले, "राखीव जागेवर आपला भानुदास. बिनविरोध करून टाकू. उगं गावात फूट नको."

भानुदास मान खाली घालून कणीस फिरवत राहिला. मामांनी हातातला हुरडा तसाच पानावर ठेवला.

"अण्णा, मी फॉरम भरणार हाय," ते म्हणाले.

"तू? तुला कशाला रे?"

"पाइप वस्तीपत्तुर यायला पायजे. भानुदास म्हणंल का तुमच्यापुढं?"

अण्णा हसले. रागावले असते तर मला कमी भीती वाटली असती. "भर की," म्हणाले, "लोकशाही हाय."

पुढचे दिवस मला अजून उजेडाचे आठवतात. मामांची निशाणी शिडी. मी आणि वस्तीतल्या दोघी-तिघी घरोघर जायचो. वरच्या आळीत आम्ही अंगणाबाहेर उभ्या राहून बोलायचो, पण बोलायचो. एक म्हातारी दारात करडईची भाजी निवडत बसली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "खडीवर माज्या सुनंला सावली त्यानं दिली. आमी काय मेलो न्हाय इसरायला." माझ्या उभ्या आयुष्यात एवढी गोड गोष्ट मला कुणी अंगणाबाहेर उभं करून सांगितली नाही.

मामा निवडून आले, भानुदास पडला. मोजणी झाली, नाव पुकारलं, वस्तीनं गुलाल उधळला. आत्याबाईंच्या पांढऱ्या केसांतून तो पुढं कितीतरी दिवस निघत होता. वरच्या आळीनं मतं दिल्याशिवाय हे होणार नव्हतं, हे अण्णांना आमच्याआधी कळलं. मामा मिरवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेशीपासून विहारापर्यंत दोरी धरून अंतर मोजलं आणि जिथं नळाची तोटी येणार तिथं एक दगड रोवला. बायका त्या दगडाभोवती उभ्या राहून, पाणी आल्यावर कुणी आधी भरायचं, यावरून भांडल्या. पाणी नव्हतं, पाइप नव्हता, पण भांडण खरं होतं. मला माझी चाळ आठवली आणि मी खूप हसले.

ज्वारी पिवळी पडू लागली होती, काढणीला आली होती. एका सकाळी भानुदास आला. त्या साली त्यानं हुरडा आणला नव्हता. दारातच बसला.

"अक्का," तो बहिणीला म्हणाला, "अण्णांनी कोर्टात अर्ज कराय लावलाय. माज्या नावानं. दाजींची निवड रद्द करा म्हणून."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपेपर्यंत त्या भावाकडं बघत राहिल्या.

"आन तू केलास?"

"न्हाय म्हणलो तर सालातनं काढत्यात. पोरास्नी घिऊन कुटं जाऊ?"

"हितं ये की. हितं न्हाय का जागा?"

"हितं काय हाय, अक्का?" त्यानं विचारलं.

अर्जातलं म्हणणं साधं होतं. जागा अनुसूचित जातीची. त्या काळच्या कायद्यानं बौद्ध झालेला माणूस अनुसूचित जातीत राहत नव्हता. विहिरीवर तो पूर्वीचाच होता, कायद्यात नव्हता. लक्ष्मण गवंडी बौद्ध, म्हणून तो त्या जागेला अपात्र. फॉर्मच्या छाननीच्या वेळी हे कुणी काढलं नव्हतं. अण्णांना वाटलं होतं, मतांनीच होऊन जाईल. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. कायद्याची काठी त्यांनी आधीपासून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती.

आमचे वकील सोलापूरचे, भला माणूस. त्यांनी मामांना बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि हळू आवाजात समजावलं, "हे बघा, दीक्षा घेतल्याचा कसलाही दाखला समोरच्यापाशी नाही. तुम्ही एवढंच सांगा, की बौद्ध विचार मला पटतात, पण विधिपूर्वक धर्म बदललेला नाही. निवड टिकेल."

मामा म्हणाले, "बघतो."

त्या रात्रीचं जेवण आमच्या घरात कुणाला गेलं नाही. माझे यजमान गिरणीतून सुट्टीला आलेले, ते वडिलांना म्हणाले, "दादा, तत्त्व तुमच्यापाशी राहणारच की." आत्याबाई तर तुटून पडल्या. "तोंडानं म्हणायचं. मनातनं काय जातंय? इतक्या बायका उनात उभ्या ऱ्हात्यात त्या दिसंनात व्हय तुमास्नी? पानी यिऊ द्या, मग काय व्हायचं त्ये व्हा."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. घरात तेव्हा मीच सगळ्यात नवी होते. त्यांनी विचारलं, "सुशीला, तुला काय वाटतं?"

मला पाणी हवं होतं. आणि मामांनी खोटं बोलू नये, असंही वाटत होतं. दोन्ही तितकंच. मी म्हणाले, "मला नाही सांगता येत, मामा." आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

कोर्टाच्या आवारात लिंबाचा मोहर गळत होता. शिमगा होऊन गेलेला, ऊन चढलेलं. एस.टी.नं आम्ही अर्धी वस्ती गेलो होतो. आधी भानुदासला उभं केलं. त्याच्या वकिलानं विचारलं, लक्ष्मण बौद्ध आहे हे तुला कशावरून माहीत?

भानुदासनं एकदा बहिणीकडं पाहिलं. "पोराचं लगीन बौद्ध पद्धतीनं लावलं की. अक्षता न्हवत्या. फुलं टाकली."

"तू स्वतः पाहिलंस?"

"व्हय. फुलं मीच वाटली."

मला ते आठवत होतं. वैशाखात माझ्या लग्नाच्या मांडवात परात घेऊन एक माणूस फिरत होता आणि प्रत्येकाच्या ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या घालत होता. माझ्या हातात त्यानं थोड्या जास्तच घातल्या होत्या. म्हणाला होता, "घे लेकी." मी पांढरं लुगडं नेसले होते, मामांनी स्वतः वंदना म्हटली होती. ते माझं लग्न आता एका टेबलावर मांडलं होतं आणि काळे कोट त्याला उलटंपालटं करून बघत होते. लग्नाचा पुरावा मागितलेल्या बायका मी पुढं पुष्कळ पाहिल्या. जिचं लग्नच पुरावा झालं, अशी मीच.

मग अण्णा. त्यांना विचारलं, ही गोष्ट गावात किती जणांना माहीत आहे? अण्णा ऐटीत म्हणाले, "साऱ्या गावाला. ल्हान पोरालाबी. इहार त्यानंच बांधलंय. कदी लपवून ठेवलं न्हाय त्यानं." आयुष्यात मामांबद्दल अण्णा एवढं एकच चांगलं वाक्य बोलले असतील, आणि तेही मामांना गाडायला.

शेवटी मामा. आमच्या वकिलांनी त्यांच्या डोळ्यांत बघत, शब्द जपून वापरत विचारलं, "तुम्ही विधिपूर्वक धर्मांतर केलेलं आहे का?"

मी आत्याबाईंचा हात धरला होता. तो दगडासारखा झाला होता.

"केलंय," मामा म्हणाले. "आमी सगळ्यांनी एकदम केलंय. मी बौद्ध हाय."

वकिलांनी डोळे मिटले. न्यायाधीशांनी मान वर करून मामांकडं पाहिलं, मला वाटतं जरा वेळ जास्तच पाहिलं, आणि लिहून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

निकाल लागला तेव्हा शिवारात खळी आटोपली होती, कडबा रचून झाला होता, जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. निकाल इंग्रजीत वाचला गेला. आम्ही वाचणाऱ्याचे ओठ पाहत होतो. बाहेर पायरीवर येऊन वकिलांनी सांगितलं, "निवड रद्द झाली."

"म्हंजी परत इलेक्शन?" मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चक्क उमेद होती. पुन्हा वस्तीतून कुणी उभं राहील, भानुदासलाच समजावू, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं.

"नाही. भानुदास निवडून आला, असं जाहीर केलंय."

"त्यो तर पडला व्हता."

"हो. पण तुमची मतं मोजायची नाहीत, असं ठरलं. ती वाया गेली असं धरतात."

"का?"

वकिलांना सांगणं जड जात होतं. "तुम्ही बौद्ध आहात हे लोकांना ठाऊक नसतं, तर त्यांची फसगत झाली म्हणून पुन्हा निवडणूक घेतली असती. पण इथं सगळ्यांना माहीत होतं. पात्र नाही हे माहीत असलेल्या माणसाला मत दिलं, म्हणजे ते जाणूनबुजून फेकून दिलं. कायदा असा अर्थ काढतो."

मामा म्हणाले, "फेकली न्हाईत वो त्यांनी. दिली."

या वाक्यावर मी आयुष्यभर विचार करत आले आहे. लपूनछपून बौद्ध असते तर लोकांना दुसरी संधी मिळाली असती. उघड राहिले, म्हणून लोकांचं मतही गेलं. त्या करडई निवडणाऱ्या म्हातारीला कुणी सांगावं, की बाई, तू मत दिलं नाहीस, फेकलंस? तिला मामा कोण हे माहीत होतं, नेमकं माहीत होतं, म्हणून तर तिनं दिलं होतं. ओळखून दिलेलं मत वाया, आणि धन्याच्या धाकानं उभं राहिलेल्याला जागा. त्याची पात्रता एवढीच, की एका दिवशी तो बैल घेऊन बार्शीला गेला होता.

भानुदास पंचायतीत बसायला लागला. बसायला म्हणजे, बाकीचे सतरंजीवर आणि तो दाराशी, चपलांच्या कडेला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आत ये, असंही कुणी म्हटलं नाही. पाइपाचा ठराव आला. पाइप वेशीपर्यंत आणि तिथून वळून अण्णांच्या गोठ्याकडं. हात वर करा म्हणाले. भानुदासनंही केला. वस्तीच्या प्रतिनिधीच्या संमतीसह ठराव एकमतानं मंजूर झाला.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडं आला. आत्याबाई उठून मागच्या दारानं निघून गेल्या. भावाशी त्या पुढं कधी बोलल्या नाहीत; त्याच्या घरातल्या मौतीलाही लांब उभ्या राहून परतल्या. मामांनी मात्र त्याला बसायला पोतं टाकलं.

"दाजी, मी काय करू? मला तितं बोलायचं सुचत न्हाय," भानुदास म्हणाला.

"बोलू नगंस. पर पुढच्या येळंला सतरंजीवर जाऊन बस. ती जागा तुजी न्हाय, माजीबी न्हाय. वस्तीची हाय."

भानुदास हो म्हणाला. पुढच्या वेळेला तो दाराशीच बसला आणि मुदत संपेपर्यंत तिथंच बसला. मामांनी रोवलेला तो दगड कुणाच्या तरी बैलगाडीनं उखडला, आणि बायका वरच्या विहिरीच्या पायरीखाली उभ्या राहत राहिल्या. मीही. माझ्या थोरलीच्या वेळी दिवस भरत आले तोवर मी तिथं उभी राहिले आहे.

मामांना कुणी दोष दिला नाही, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. वस्तीतल्याच बायका बोलायच्या. एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं, म्हणायच्या. मामा ऐकून घ्यायचे. एकदाच मला म्हणाले, "त्यांचं खरं हाय. पानी त्यांना पायजे व्हतं." खोटं न बोलल्याचा अभिमान त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नाही. पाहिला असता, तर कदाचित मलाही त्यांचा राग आला असता.

कायदा बदलला, पण फार उशिरा. बौद्ध माणसाला राखीव जागेवर उभं राहता येऊ लागलं, तोवर मामांचे हात थरथरायला लागले होते आणि गवंडीकामाचा ओळंबा धरवत नव्हता. तोवर दुसऱ्या कुठल्याशा योजनेतून वस्तीत नळही आला होता. कुणी आणला, कुणी अडवला, हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं. पंचायतीची नवी इमारत झाली, तेव्हा उद्‌घाटनाला मांडव घातला. माजी सदस्यांचा सत्कार होता. आम्ही सगळे गेलो. मामा आणि आत्याबाई पुढच्या खुर्च्यांवर बसले, मी मागं.

माइकवरचा तरुण ग्रामसेवक बाहेरगावचा. त्यानं एकेक नाव घेतलं. मग म्हणाला, आपल्या दलित वस्तीतून निवडून आलेले पहिले सदस्य, श्री. भानुदासजी. भानुदास काठी टेकत वर चढला. गळ्यात शाल आली, हातात नारळ आला. तो मांडवभर कुणाला तरी शोधत होता. मामांवर त्याची नजर आली आणि तशीच पुढं गेली.

वस्तीतली जुनी माणसं एकमेकांकडं बघत होती. मग पहिली टाळी वाजली. मामांची. थरथरत्या हातांचा आवाज फारसा येत नव्हता, पण ते वाजवत राहिले, भानुदास खाली उतरेपर्यंत.

परत येताना आत्याबाईंना राहवलं नाही. "टाळ्या कशापायी वाजवल्या वो त्याला?"

"वस्तीतला माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं," मामा म्हणाले. "आपुनच न्हाय वाजवायची तर मग कुणी?"

"आन तुमचं नाव?"

मामांनी काठीनं वाटेतला एक खडा बाजूला सारला आणि ते पुढं चालू लागले.